कानावर पडेपर्यंत

"दोष नाही," पंडितबाजे म्हणाले, आणि बस्नेतांच्या घरात भांडणाला तोंड फुटलं.

घरच्या म्हाताऱ्याला, बांना, अग्नी देऊन सगळे रिडीच्या घाटावरून नुकतेच परतले होते. थोरल्या मुलाचं, टेकेंद्रचं, डोकं भादरलेलं, मागे तेवढी शेंडी, अंगावर न शिवलेलं पांढरं कापड. आतल्या खोलीच्या कोपऱ्यात शेणानं सारवून, पेंढा पसरून त्याची जागा केली होती. तेरा दिवस आता तो तिथंच बसणार होता. त्यानं कुणाला शिवायचं नाही, कुणी त्याला शिवायचं नाही, आणि स्वतःच्या हातानं शिजवलेला आळणी भात दिवसातून एकदाच खायचा. समोरच्या कोपऱ्यात तशाच पेंढ्यावर त्याची आई, आमा, बसली होती. गळ्यातले लाल मणी सकाळी होते, आता नव्हते. टेकेंद्रची बायको हरिकला सासूच्या गळ्याकडे बघणं टाळत होती.

बा गेले ते अंगणात, स्टुलावर बसून चहा पिताना. डिल्लीबहादुर ड्रायव्हर, बुटवल ते तानसेनच्या वळणांवर उभा जन्म बस चालवलेला माणूस. घाटात कधी गाडीला ओरखडा येऊ दिला नाही, आणि गेला तो असा, कपही न सांडता. हरिकला बिस्किटं घेऊन बाहेर आली तेव्हा सगळं संपलेलं होतं.

आणि भुवन, या घरातलं शेंडेफळ, देशाच्या टीमचा गोलकीपर, समुद्रापल्याड मालेमध्ये होता.

"दोष नाही म्हणजे काय, बाजे?" खेमकाकांनी आवाज चढवला. बांचे हे धाकटे भाऊ. गुरखा पलटणीतून पेन्शनीत आलेले, पण अजूनही प्रत्येक खोलीला परेडचं मैदान समजणारे. "मुलगा बापाच्या सुतकात चेंडू खेळणार आणि दोष नाही?"

"सुतक कानातून लागतं, सुबेदारसाहेब," पंडितबाजे शांतपणे म्हणाले. "दूरदेशी असलेल्याच्या कानावर ज्या दिवशी पडेल, त्या दिवसापासून त्याचं. तेराच्या आत कळलं तर उरलेले दिवस पाळायचे. कळलंच नाही तोवर तो शुद्ध. शास्त्र आहे, मी घरी बनवलेलं नाही."

"मग सांगायचं नाही," टेकेंद्र कोपऱ्यातून म्हणाला.

सगळ्यांनी वळून त्याच्याकडे पाहिलं. एरवी हा माणूस घरात मीठ कमी पडलं तरी बोलत नसे.

"सांगायचं नाही," तो पुन्हा म्हणाला. "आज पहिला सामना जिंकलेत. अजून दोन आहेत. गटात पहिले आले तर मुख्य स्पर्धेत. त्यांचा दुसरा गोलकीपर खांदा निखळून बसलाय, तिसरा अजून मिसरूड न फुटलेला. भुवनला कळलं तर तो पहिल्या विमानानं येईल. येऊन करणार काय? बा उठून बसणारेत?"

"कसली मुख्य स्पर्धा रे!" काका फणकारले. "तळातल्या देशांची! बडे कुणी नाहीतच त्यात. आंधळ्यांत काणा राजा कोण, एवढं ठरवायचं, आणि त्यासाठी माझा दाजू एकाच लेकाच्या हातून जळला!"

"आपण तळातले आहोत म्हणूनच ती आपली आहे, काका."

"मला वाटतं सांगावं," हरिकला दारातून म्हणाली. तिला वाटलं तेच ती बोलली. "बाबू काही कुकुलं बाळ नाही. त्याचा बाप गेलाय. नंतर कळलं तर तो आपलं तोंड बघणार नाही."

"बघ, सून शहाणी आहे!" काका म्हणाले. सतरा वर्षांच्या संसारात त्यांनी हरिकलाची बाजू घेतलेली ही पहिलीच वेळ.

मग सगळेच आमाकडे बघू लागले. आमा पेंढ्याची एक काडी बोटाभोवती गुंडाळत होती. गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"सांगू नका," ती म्हणाली.

का, ते तिनं सांगितलं नाही, आणि विचारायची कुणाची छाती झाली नाही. तेवढ्यात हरिकलाच्या हातातला फोन वाजला. भुवनचाच होता. संध्याकाळचा, रोजच्या वेळेचा. टेकेंद्रला फोन धरता येत नव्हता, आमालाही नाही. काकांना खोटं बोलायचं म्हटलं की खोकला येई. राहिली कोण? घरातली सगळी न आवडणारी कामं जिच्याकडे येतात तीच.

तिनं फोन स्पीकरवर टाकला.

"भाउजू, चेहरा नाही दिसणार हं, इथलं नेट बेकार आहे," भुवनचा आवाज आला; वहिनीला तो भाउजू म्हणे. हरिकलाला हायसं वाटलं. "घरी सगळं ठीक?"

"ठीक आहे की."

"आवाज का बसलाय तुमचा?"

"सर्दी झालीय, बाबू."

"बा?"

हरिकलानं कोपऱ्याकडे पाहिलं. आमानं डोळे मिटले होते. "बाहेर बसलेत. अंगणात."

"मॅच दाखवली ना टीव्हीवर? बांनी बघितली?"

हा प्रश्न त्यानं गेली सहा वर्षं प्रत्येक सामन्यानंतर विचारला होता. सहा वर्षांपूर्वी बांनी त्याला पलटणीच्या भरतीला पोखऱ्याला पाठवलं, आणि हा गडी भरतीच्या रांगेतून सटकून काठमांडूत फुटबॉलच्या निवडीला गेला. तेव्हापासून बांनी त्याला घराबाहेर काढलं नाही की शिवी दिली नाही. फक्त फुटबॉल हा शब्द त्यांच्या तोंडातून गेला तो गेलाच. हरिकला दर वेळी सांगायची, "बा बाहेर गेले होते रे." आणि भुवन म्हणायचा, "बरं."

आज तिच्या तोंडून ते निघेना. अंगणात खरंच रिकामं स्टूल होतं.

"बघितली," ती म्हणाली.

"खरं?"

"अगदी शेवटपर्यंत."

"काय म्हणाले?"

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, असं हरिकलानं आयुष्यात कधी केलं नव्हतं. पण त्या क्षणी ते शब्द आपसूक आले. "म्हणाले, पोरगं घाबरत नाही."

पलीकडे काहीच ऐकू येईना. हरिकलाला वाटलं, फोन तुटला.

"बाबू?"

"आहे, भाउजू. अजून काही म्हणाले?"

"नाही रे. तेवढंच."

"बरं. उद्या करतो फोन."

फोन बंद झाला. काकांना खोकल्याची मोठी उबळ आली आणि ते अंगणात निघून गेले.

*

तानसेनसारख्या गावात बातमी लपवायची म्हणजे ओंजळीत पाणी धरायचं. पण दोनच दिवसांत एक नवल घडलं. समाचाराला येणारे लोक बसायचे, हळहळायचे, डिल्लीदाजूच्या शांत स्वभावाचं गुणगान करायचे, आणि निघता निघता दबक्या आवाजात विचारायचे, "भुवनला कळवलं नाहीत ना? नका कळवू. पुढची मॅच कठीण आहे." शेजारची दुकानवाली साहुनी तर पायरीवर उभी राहून म्हणाली, "सगळा शीतलपाटी चौक तोंड शिवून बसलाय, बैनी. आमच्याकडून अक्षर फुटायचं नाही."

खेमकाकांनी हे ऐकलं, आणि ज्या गोष्टीला त्यांनी विरोध केला होता तिचे तेच सेनापती झाले. सकाळी उठून टोपी घालून ते निघत. कॉलेजच्या पोरांना गाठून दम देत, "फेसबुकावर फुलं, दिवे, काही टाकायचं नाही! टाकलं तर टंगडी मोडीन." एफएमवाल्यांकडे जाऊन निधनाच्या बातम्यांतून भावाचं नाव काढायला लावलं. सलूनवाल्यालाही बजावलं, कारण टेकेंद्रचं डोकं त्यानंच भादरलं होतं.

"काका, परवा तर तुम्ही म्हणत होता, मुलाला कळवलंच पाहिजे," हरिकला म्हणाली.

"परवाचं परवा. आता इज्जतीचा प्रश्न आहे. बाजारात दहा जण विचारतात, तुमचा पुतण्या काय म्हणतो. इतकी वर्षं मला कुणी पेन्शनीपलीकडे काही विचारलं नव्हतं." मग जरा ओशाळून म्हणाले, "आणि दाजूनं मला एकदा सांगितलं होतं, भुवन मनाचा पक्का आहे म्हणून."

"कधी?"

"असंच. एकदा."

हरिकलानं पुढे विचारलं नाही. त्या आठवड्यात बा प्रत्येकाला काही ना काही सांगून गेले होते. साहुनीला म्हणे ते म्हणाले होते, धाकटा माझ्यावर गेलाय. बसच्या कंडक्टरला म्हणे सांगितलं होतं, एक दिवस याला विमानतळावर आणायला मीच गाडी घेऊन जाईन. जितेपणी ज्यानं दिवसाला दहा शब्द खर्च केले नाहीत, तो माणूस मेल्यावर गावभर बोलत सुटला होता.

आणि सगळ्यांत जास्त तो हरिकलाच्या तोंडून बोलत होता. भुवन रोज संध्याकाळी फोन करी. सराव कसा झाला, मालेत ऊन किती, हे दोन वाक्यांत उरकून विचारी, "बा आज काय म्हणाले?" आणि हरिकला सांगे. लपवाछपवीत माणसाचा हात बसतो, तसा तिचाही बसला. बा म्हणाले, पेनल्टीला आधी उडी मारू नये, समोरच्याचा पाय बघावा. बांनी बसस्टँडवर सगळ्यांना चहा पाजला. बा म्हणाले, या पोराचे हात माझ्यासारखे आहेत. सांगताना तिला वाटे, हे असंच व्हायला हवं होतं. पाप वाटायच्या जागी बरं वाटायचं, आणि ते बरं वाटणंच तिला रात्री टोचायचं.

दुसरा सामना हरले. तो टीव्हीवर दाखवला नाही, गावानं रेडिओवरच ऐकला. एकच गोल, तोही आपल्याच बचावपटूच्या पायाला लागून वळलेला. त्या संध्याकाळी भुवनचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा होता.

"बा काय म्हणाले, भाउजू?"

हरिकलानं क्षणभर विचार केला. "म्हणाले, घाटात एक वळण चुकलं म्हणून गाडी सोडून उतरायचं नसतं. पुढचं वळण बघायचं."

"हे बा म्हणाले?"

"हो."

"असं म्हणाले," भुवन स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "बरं."

फोन ठेवून ती वळली, तर आमा तिच्याकडेच बघत होती. घरात दुसरं कुणी नव्हतं. टेकेंद्र क्रियेच्या अंघोळीला धाऱ्यावर, गावच्या दगडी तोटीवर, गेला होता.

"हरिकला, इथं ये. लांबच बस, पण समोर बस."

ती बसली.

"किती दिवस माझ्या नवऱ्याच्या तोंडात शब्द घालणार आहेस?"

"आमा, तुम्हीच म्हणालात सांगू नका..."

"सांगू नका म्हणाले. रचा म्हणाले नाही." आमाचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच तो जास्त लागत होता. "बेचाळीस वर्षं मी त्या माणसाबरोबर काढली. गाडी सोडून उतरायचं नसतं, पुढचं वळण बघायचं! असं एक वाक्य, एकच, ते माझ्याशी बोलले असते ना, तर माझा जन्म वेगळा गेला असता. थोरला झाला तेव्हा काय म्हणाले माहीत आहे? 'हवा कमी आहे चाकात, बघून येतो.'"

हरिकलाला हसूही आलं आणि रडूही. तिनं पदर तोंडाला लावला.

"त्या पोराला तू नवा बाप देते आहेस. आणि उद्या तो येईल, त्याला कळेल बाप पहिल्याच दिवशी गेला होता. मग तो हिशेब मांडेल. हे वाक्य कधीचं, ते वाक्य कधीचं. एकही खरं निघणार नाही. सहा वर्षं ज्या एका शब्दासाठी तोंड वासून बसला होता, तो मिळाला आणि तोही नकली. तेव्हा काय करशील?"

लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा भुवन सात वर्षांचा होता. पडलेले दुधाचे दात तो तिच्या तळहातावर आणून ठेवायचा. आमा आजारी असायची, बा गाडीवर. त्याला शाळेत घातलं तिनं, पहिले बूट घेतले तिनं, स्वतःच्या कानातलं मोडून. त्यानं आपल्याला खोटारडी म्हटलं तर? जगातल्या कुणीही म्हणावं, त्यानं म्हणू नये.

*

शेवटच्या सामन्याच्या सकाळी टेकेंद्र फिरला.

"आज सांगून टाकू," तो म्हणाला. पिंडाचं उरकून तो पेंढ्यावर येऊन बसला होता. गाल आत गेलेले, डोळे सुजलेले. "मला झेपत नाही. रोज मी एकटा पिंड देतो. हात पुढे करताना वाटतं, शेजारी अजून एक हात पाहिजे. तो हात मी दूर ठेवलाय."

"आता?" काका ताडकन उठले. "आज? सामन्याच्या दिवशी? आठवडाभर मी पायाची चाळण केली ती काय यासाठी? बरोबरी झाली तरी पोचतोय रे आपण! फक्त बरोबरी!"

"तुम्हीच म्हणाला होता, तळातल्या देशांचा खेळ."

"ते मी दुःखात म्हणालो!"

"मी पण दुःखातच म्हणालो होतो, सांगू नका. मला वाटलं, तो आला तर..." टेकेंद्र मान खाली घालून म्हणाला, "खरं सांगू? मला वाटलं, बांचं सगळं मी केलं. औषधं मी, दवाखाना मी, गाडीचा हप्ता मी. शेवटचा अग्नी तरी माझ्या एकट्याचा असू दे. तो आला असता तर सगळा गाव त्याच्याचकडे बघत राहिला असता. आता लाज वाटते. हरिकला, फोन लाव."

हरिकलानं फोन पदराआड नेला. "नाही लावणार."

"अगं, तूच पहिल्या दिवशी..."

"पहिल्या दिवशी मी काही रचलं नव्हतं!" ती ओरडली. नवऱ्यावर ती अशी कधी ओरडली नव्हती, तेही क्रियेला बसलेल्या नवऱ्यावर. "आज सांगितलं तर तो खेळेल कसा? आणि मी त्याला सांगितलेलं सगळं... तुम्हाला काय, तुम्ही गप्प बसून मोकळे. खोटं माझ्या तोंडातून गेलंय. आजचा दिवस जाऊ दे. उद्या मीच सांगेन. त्याच्या पाया पडून सांगेन."

पहिल्या दिवशी जो जिथं उभा होता, त्यातलं आज कुणी जागेवर नव्हतं.

"टीव्ही लावा," आमा म्हणाली.

"वहिनी, सुतकाच्या घरात टीव्ही?"

"खेमबाबू, सुतकाच्या घरात इतकं खोटं चाललं, टीव्हीनं काय होतंय? लावा."

काकांनी वर्तमानपत्रानं झाकलेला टीव्ही उघडा केला. पडदा उजळला तेव्हा दोन्ही संघ रांगेत उभे होते आणि राष्ट्रगीत सुरू होत होतं. कॅमेरा एकेका चेहऱ्यावरून सरकू लागला. काका टीमच्या जुन्या फोटोवरून सगळ्यांना ओळखत होते. "हा कॅप्टन. हा डावा बॅक. हा त्या दिवशीचा, स्वतःच्याच गोलात घालणारा, बेट्या आज तरी... आणि आपला..."

कॅमेरा भुवनवर आला.

"हे काय सोंग?" काका म्हणाले. "टक्कल? आजकालच्या पोरांची फॅशन म्हणजे..."

राष्ट्रगीताला भुवननं मान किंचित झुकवली, आणि डोक्याच्या मागच्या बाजूला बारीकशी शेंडी दिसली. अंगात नेहमीची पिवळी जर्सी नव्हती. पांढरी होती, नखशिखान्त पांढरी. रांगेत त्याच्या दोन्ही बाजूंना एकेका माणसाची जागा मोकळी सोडलेली होती. बाकीच्यांनी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकले होते. त्याच्या खांद्यावर कुणाचाच हात नव्हता.

टेकेंद्रचा हात आपोआप स्वतःच्या भादरलेल्या डोक्यावर गेला.

"त्याला माहीत आहे," तो म्हणाला.

आमाच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. हरिकला भिंतीला टेकून खाली बसली. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. माहीत आहे. मग कधीपासून? काल? परवा? रोज संध्याकाळी तो विचारत होता, बा आज काय म्हणाले. कुणाला विचारत होता?

तो सामना त्या घरानं कसा पाहिला ते सांगणं कठीण आहे. चेंडू गोलाजवळ आला की काका उठायचे आणि भुवनला कुणाचा धक्का लागला की "शिवला!" म्हणून कपाळावर हात मारायचे. मध्येच त्यांनी विचारलं, "हातमोजे चामड्याचे असतात काय रे?" टेकेंद्र म्हणाला, "रबराचे असतात, काका." "मग ठीक," काका म्हणाले, आणि जरा वेळानं त्यांना हुंदका फुटला. आमा पापणी न लववता बघत होती. तिला खेळातलं काही कळत नव्हतं. ती फक्त ते पांढरं बघत होती, हिरवळीवर या टोकाला एकटं उभं असलेलं.

मालदीवचे लोक शेवटची वीस मिनिटं नुसते तुटून पडले. एक चेंडू खांबाला लागला. एक भुवननं पायानं काढला. अगदी अखेरीस डोक्यानं मारलेला एक चेंडू कोपऱ्यात चाललाच होता, तो त्यानं आडवं झेपावून बोटांच्या टोकांनी बाहेर घालवला आणि तिथंच तोंडावर पडून राहिला. शिटी वाजली. शून्य-शून्य. पोचले.

सगळी टीम धावत त्याच्याकडे निघाली, आणि हातभर अंतरावर येऊन थबकली. भुवन उठला. त्यानं सगळ्यांना हात जोडले. दहा घामेजलेल्या पोरांनी त्याच्याभोवती गोल केला आणि त्यांनीही हात जोडले. टीव्हीवरचा समालोचक म्हणत राहिला की हा आनंद साजरा करण्याचा काही नवा प्रकार दिसतो.

बाहेर गाव पेटून उठलं होतं. ढोल, शिट्ट्या, मोटरसायकलींचे हॉर्न. मिरवणूक चौकातून वर वळली आणि बस्नेतांच्या गल्लीत आली. लोकांच्या हातात लाल अबीराची ताटं, तोंडं लालभडक. फाटकाशी येताच पुढच्यांना आठवलं, या घरात लाल चालत नाही. ढोल एकेक करून बंद पडले. मागून ढकलणाऱ्यांना पुढच्यांनी थोपवलं. शे-दीडशे माणसं टोप्या काढून गल्लीत उभी राहिली.

तेवढ्यात फोन वाजला.

हरिकलानं तो उचलला, स्पीकरवर टाकला, आमा आणि टेकेंद्रच्या मधोमध जमिनीवर ठेवला.

"भाउजू," भुवन म्हणाला.

"कधी कळलं, बाबू?" तिनं विचारलं.

"पहिल्याच दिवशी. तुमच्याशी बोलायच्या तासभर आधी. बुटवलच्या बसस्टँडवर ड्रायव्हर लोकांनी बांच्या गाडीला काळी फीत बांधली, कुणीतरी फोटो टाकला."

काकांनी डोक्याला हात लावला. सगळं तानसेन त्यांनी बंद केलं होतं. बांचं अर्धं आयुष्य गेलं त्या रस्त्याचं खालचं टोक राहून गेलं होतं.

"दुसऱ्या दिवशी डोकं भादरलं," भुवन सांगत होता. "मीठ सोडलं. जमिनीवर झोपतो. सरावाला बॉल हातानं कुणी देत नाही, जमिनीवर ठेवतात. तुम्ही सांगितलं नाहीत, म्हणून मीही विषय काढला नाही. तुम्ही सांगितलं असतं तर मला यावंच लागलं असतं. दाइ, मला खेळायचं होतं. मी चुकलो असेन तर तू मार मला, पण मला खेळायचं होतं."

"मी कुणाला मारणार रे," टेकेंद्र म्हणाला.

हरिकला फोनवर ओणवी झाली. "तुला माहीत होतं तर रोज कशाला विचारायचास? बा काय म्हणाले, बा काय म्हणाले! मी खोटं बोलतेय ते कळत होतं ना तुला? माझी परीक्षा बघत होतास?"

"नाही, भाउजू. बा होते तेव्हा कधी काही बोलले नाहीत. गेल्यावर आठवडाभर बोलले. मला माहीत होतं, तुम्ही रचताय. तरी संध्याकाळ झाली की वाटायचं, आज काय म्हणाले ते ऐकू. ते ऐकल्याशिवाय दुसऱ्या दिवशी गोलात उभं राहवत नव्हतं."

हरिकला रडू लागली. मोठ्यानं, तोंडाला पदरही न लावता.

"आजचं राहिलं," भुवन पलीकडून हळूच म्हणाला. "आज काय म्हणाले बा?"

हरिकलानं मान हलवली. आता तिच्याच्यानं होणार नव्हतं. तिनं आमाकडे पाहिलं.

आमा फोनपाशी सरकली, शिवणार नाही इतकीच.

"भुवन, मी बोलतेय. भाउजूनं सांगितलं त्यातलं एक अक्षर तुझा बा बोलला नसता. इतकं बोलणारा तो माणूसच नव्हता. मी तुला खोटं सांगणार नाही."

"माहीत आहे, आमा."

"आज असते, तर सामना संपेपर्यंत गप्प बसले असते. मग उठले असते." आमानं डोळे मिटले. नवऱ्याचा आवाज ती आठवू पाहत होती. गल्लीतली माणसं खोकलीसुद्धा नाहीत. "उठून मला म्हणाले असते, 'तो जेवला का, विचार.' बस. एवढंच. याच्यापुढे एक शब्द नाही."

पलीकडे आधी श्वास ऐकू आला. मग भुवन रडू लागला. आठवडाभर ज्याच्या आवाजात एकदाही ओल आली नव्हती तो आता लहान पोरासारखा गदगदून रडत होता, आणि कुणीच त्याला गप्प करत नव्हतं.

आमानं त्याला पोटभर रडू दिलं.

"जेवलास का?" तिनं विचारलं.

"नाही, आमा. अजून भात ठेवायचाय."

"मग ठेव. आम्ही फोन चालू ठेवतो."

भांड्यात तांदूळ पडल्याचा आवाज आला, मग पाण्याचा. टेकेंद्र उठला, आपल्या पेंढ्यातला अर्धा उचलून त्यानं शेजारी पसरला आणि भात शिजेपर्यंत फोनकडे बघत बसला.